वरच्या घराची चूल

रोशवेर
रविवार, १४ ऑक्टोबर १९६२

प्रिय आंसेल्म,

मी बरी आहे. गाई बऱ्या आहेत. बाबा आहेत तसे आहेत. तूही बराच असणार, नसतास तर तुझ्या कारखान्याने कोणाकडून तरी कळवलं असतं. झालं हे. आता मुद्द्याचं.

तू गावात आलायस का?

हो की नाही, एवढंच सांग. मंगळवारी सकाळी चीजघरात दूध घालून बाहेर आले. खाली अख्खी दरी धुक्याने भरलेली, चर्चचा मनोरासुद्धा बुडालेला, आणि वर कड्याखाली तुझं घर तेवढं उन्हात. आणि तुझ्या धुराड्यातून धूर! आधी काळा, मग निळा, सरळ वर जाणारा. शेजारी झेली होती. तिने कॅन खाली ठेवले, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "लिओंतीन, तुझी आजी आली गं परत." मी म्हटलं, "आजीला जिवंतपणी एका काडीत चूल पेटवता आली नाही, मेल्यावर कुठून जमणार?" पण खरं सांगते, कॅन तिथेच टाकून मी वर निघाले.

वर चढून जाईपर्यंत धूर संपला होता. खिडक्या बंद, दाराला तुझंच कुलूप. हाका मारल्या. दार ठोकलं. कोणी नाही. खाली आले तर बाबा सूप खात बसलेले. म्हटलं, "वरच्या घरातून धूर निघाला." मान वर न करता म्हणाले, "ढग असेल." मी म्हटलं, "ढग धुराड्यातून निघतो का?" तर म्हणाले, "मीठ कमी आहे." तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. तुझं घर म्हणजे 'वरचं घर', आणि तू म्हणजे काहीच नाही.

तर ऐक. तू आला असशील आणि बहिणीला तोंड न दाखवता चोरासारखा चूल पेटवून जात असशील, तर तुला लाज वाटली पाहिजे. आणि हे पत्र तुला तिकडे शहरात मिळालं, तर तू इकडे नाहीस हे उघड आहे, मग तसं लिही. मला झोप येत नाहीये. कोणी मेलं तर मी रडून मोकळी होते, पण काही कळलं नाही की मला अन्न जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

आणखी एक. यंदा दहा वर्षं पुरी होतात. तू विसरला असशील, गाव विसरलेलं नाही. नियम तुला पाठ आहे तरी लिहिते: ज्या घरातून दहा वर्षं धूर निघाला नाही त्याची चूल मेली. जंगलातला लाकडाचा वाटा गेला, कुरणातला हक्क गेला, घरवाला गावकरी राहिला नाही, आणि पुन्हा कधी त्याचं नाव गावच्या यादीत चढत नाही. आपल्याकडे माणूस मोजत नाहीत, चूल मोजतात. तीनशे वर्षांपूर्वी स्वीडनच्या फौजेने गाव जाळलं तेव्हा कड्यातल्या गुहांत लपलेले लोक परत आले, आणि ज्याच्या घरातून धूर निघाला तो गावकरी, असं ठरलं. तेव्हापासूनचं आहे हे. दहा वर्षांची अट मात्र आपल्या बाबांनीच गावसभेत घालून घेतली, उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या शहरी लोकांना अडवायला. त्यांना फुकटचं लाकूड हवं होतं. तेव्हा तू घरातच होतास, टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्यास.

डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून लाकडाचे वाटे काढतील. ज्यूल कोर्नू आत्ताच म्हणत फिरतोय की यंदा एक चूल कमी, म्हणजे प्रत्येकाला चार ओंडके जास्त.

उत्तर लगेच टाक.

तुझी चिडलेली बहीण,
लिओंतीन


रोशवेर
रविवार, ११ नोव्हेंबर

प्रिय आंसेल्म,

तुझं कार्ड मिळालं. "मी नाही. कोण आहे बघ." एवढं लिहायला तुला किती आठवडे लागले! तुमच्या कारखान्यात शब्दही मोजून देतात का?

आज युद्धविरामाचा दिवस, सकाळी स्मारकापाशी सगळे जमलो होतो. मेयर ग्रोपेरँनी दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं वाचली. दरवर्षी मनात येतं, दगडावर नावं जास्त आणि समोर उभी माणसं कमी. बाबा ताठ उभे होते, टोपी हातात. वारा बोचरा होता. टोपी घाला म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच जर्मन आहे. असो.

तुझ्या घराचं सांगते. सगळं सांगते, मध्ये हसू नकोस.

धूर आणखी दोनदा निघाला. दोन्ही वेळा सकाळी, मी दूध घालायला गेले तेव्हाच. म्हणजे ज्याला माझी वेळ माहीत आहे असा कोणीतरी. पहिला संशय बार्बोवर, ससे चोरून मारतो तो. त्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, "बाई, मी चोर आहे, पण चोर काय धूर काढून गावाला बोलावतो?" ते मला पटलं. दुसरा संशय कोर्नूवर. घर त्याला विकत हवंय. पण त्याला चूल मेलेली हवी, जिवंत कशाला करेल?

मग मी आत शिरले. गोठ्याच्या मागच्या दाराची लाकडी खीळ सुरीने वर सरकते, आपण लहानपणी सरकवायचो तशीच अजून सरकते. स्वयंपाकघरात राख कोमट होती. तुझी टोपी खुंटीला आहे, तिला उंदरांनी हात लावलेला नाही, त्यांनाही चव असते. पण खुर्चीवर धूळ नव्हती, आंसेल्म. सगळ्या घरात बोटभर धूळ आणि त्या एका खुर्चीवर नाही. आणि लाकूड कसं रचलं होतं माहीत आहे? मोठा ओंडका मागे भिंतीला टेकवून, पुढे बारीक काटक्या आडव्याउभ्या. भूत असं रचत नाही. आपल्या घरातला माणूस असं रचतो.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही. कधीकधी अगदी नाकासमोरचं मला दिसत नाही.

गुरुवारी झेलीला म्हटलं, "माझे कॅन आज तू ने." "का गं?" "पोटात दुखतंय." "तुझ्या? बैलाच्या पोटात दुखलेलं ऐकलंय मी, तुझ्या कधी नाही." पण नेले बिचारीने. मी तुझ्या गोठ्यातल्या माळ्यावर चढले आणि जुन्या गवतात पडून राहिले. फळीला फट आहे, तिथून चूल नीट दिसते. गवतात काय काय चावतं ते लिहीत नाही.

मग खीळ वाजली. कोणीतरी आत आलं, हळूहळू, मध्ये थांबत. आणि खोकलं.

तो खोकला मी किती वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. चेहरा बघायची गरजच नव्हती.

बाबांनी काठी भिंतीला लावली. खाली वाकायला त्यांना वेळ लागतो हल्ली, आधी एक गुडघा, मग दुसरा. काटक्या रचल्या. काडी ओढली. धूर उलटा खोलीत आला तसे पुटपुटले, "ओलं. लाकूड झाकून ठेवायची अक्कल नव्हती कार्ट्याला." मग जाळ लागला. ते तुझ्या खुर्चीत बसले, टोपी डोक्यावरच, हात गुडघ्यांवर, जसे सभेत बसतात. आणि नुसते आगीकडे बघत राहिले.

आणि मला शिंक आली.

ते वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "गवतात लोळल्यावर दुसरं काय होणार? उतर खाली." मी उतरले, केसांत गवत, तोंडावर जळमटं. वाटलं आता शरमतील. कसले! पहिला प्रश्न काय, तर, "दूध कोणी नेलं?"

"झेलीने."

"हिंदकळलं असेल निम्मं."

"बाबा, तुम्ही इथे काय करताय?"

"धुराडं तपासतोय. वापरलं नाही की तडकतं."

"दहा वर्षं तडकलं नाही, ते नेमकं या महिन्यात तडकणार होतं?"

जाळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, मी उभी आणि ते बसलेले. निघताना दारात माझ्या हाताला धरून म्हणाले, "हे त्याला लिहायचं नाही."

म्हणून लिहितेय.

तू गेलास तो दिवस मला आठवतो आणि तुलाही आठवत असेल. ते फाटकात उभे राहून ओरडले होते, "मोटारी घासायला जातोस ना? जा! तुझी चूल कायमची थंड पडली मला!" सगळ्या गावाने ऐकलं होतं. आता तोच माणूस काठी टेकत त्या चढावर जातो आणि तुझी चूल पेटवतो. हे कसं झालं, मधल्या कुठल्या दिवशी झालं, ते मला जाणून घ्यायचंय. पण विचारलं तर सांगणार नाहीत. तुला काही अंदाज आहे का? तू त्यांच्यासारखाच आहेस, तुला कळत असेल.

चढ त्यांना झेपत नाही, एवढंच लिहिते. बाकी ठीक.

उत्तर कार्डावर नको, कागदावर लिही.

लिओंतीन


रोशवेर
रविवार, २० जानेवारी १९६३

प्रिय आंसेल्म,

तुझा कागद नाताळाआधीच आला. मी उत्तर दिलं नाही. हात रिकामा नव्हता, आणि काय लिहावं तेही कळत नव्हतं.

थंडी अशी आहे की तू पाहिली नसशील. कारंजं गोठलंय, तोटीतून बर्फाची दाढी लोंबतेय. तळघरातली वाइन बाटल्या फोडून बाहेर आली. पाव करवतीने कापावा लागतो. चीजघराचा रस्ता रोज सकाळी फावड्याने मोकळा करतो आणि दुपारी तो परत नाहीसा होतो. कोर्नूच्या कोंबड्या दांडीवरच मेल्या, बसल्या जागी, डोळे उघडे. तो म्हणतो, मरायच्या आधी अंडी तरी घालायला हवी होती.

आता वाट्यांचं. तू विचारलंयस, म्हणून सांगते.

नाताळाआधी शाळेच्या खोलीत सभा भरली. सगळे घरवाले, कोट अंगात, शेगडीभोवती. मेयरनी चुलींची नावं वाचायला सुरुवात केली. आपलं घर आलं, मी "हजर" म्हटलं. मग तुझं नाव आलं आणि कोर्नू उठला. "आंसेल्म ज्यांद्रोची चूल मेली. दहा वर्षं झाली."

मेयर म्हणाले, "धूर दिसला की यंदा. मीसुद्धा पाहिला."

"धूर मीही पाहिला, मेयरसाहेब. पण माणूस पाहिला का कोणी? धूर काय, मी माझं गाढव बांधून तिथे शेकोटी पेटवीन, मग गाढवाला द्याल का वाटा?"

लोक हसले. बार्बो मागून ओरडला, "द्या! गाढव तुझ्यापेक्षा बरं लाकूड तोडेल!"

कोर्नू माझ्याकडे वळला. "लिओंतीन, कोणी पेटवली ती चूल?"

बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांची मान खाली होती, आणि मी ती मान आयुष्यात कधी खाली पाहिलेली नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी पेटवली. तुझं काही म्हणणं आहे?"

"खोटं आहे," बाबा म्हणाले.

ते काठीवर जोर देऊन उठले. "माझी मुलगी खोटं बोलतेय, तिला बोलू देऊ नका. चूल मी पेटवली. नियम मीच घातला होता, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. त्या छपराखाली जो झोपतो त्याने पेटवलेली आग ती चूल. मी तिथे झोपलो नाही. तेव्हा ती चूल नव्हती. कोर्नू बरोबर बोलतोय."

कोर्नू स्वतःच गांगरला. त्याला एवढं बरोबर व्हायचं नव्हतं.

मेयर म्हणाले, "ऑग्यूस्त, बसा. आपण काहीतरी मार्ग काढू."

"मार्ग कशाला काढायचा? दहा वर्षं कधी पुरी होतात?"

"नाताळात," मेयर म्हणाले. कारण तू नाताळाच्या आठवड्यात गेलास ना.

"मग अजून पुरी झालेली नाहीत," बाबा म्हणाले. "मी आज रात्रीपासून तिथे झोपतो. माझा मुक्काम वरच्या घरी लिहून घ्या. खालची चूल लिओंतीनची. वरची माझी, तो येईपर्यंत."

मी म्हटलं, "बाबा, वेड लागलंय का?" ते म्हणाले, "ते नियमात नाही."

मेयरनी चिठ्ठ्यांच्या टोपीत हात घातला आणि तुझ्या घराच्या नावाने वाटा काढला. कड्याच्या बाजूचा उतार मिळालाय, जुनी बीचची झाडं, तोडायच्या खोडांवर रंगाचे पट्टे मारलेत. लाकूड चांगलं आहे, पण खाली ओढून आणायला बैल हवेत, नाहीतर तरणी पाठ. बर्फ वितळायला लागलं की ज्याने त्याने आपलं तोडायचं. बाबा म्हणतात, ते तोडणार. रोज कुऱ्हाडीला धार लावत असतात.

त्या संध्याकाळी ते गेले. गादी पाठीवर घेऊन निघाले होते, मी हिसकावून घेतली आणि मीच वर नेली. चढभर भांडत होतो आम्ही. तेव्हापासून ते वर आहेत, मी खाली. दूध घालते, मग सूप घेऊन वर जाते, ते बर्फात अर्धं सांडतं, मग ते म्हणतात मीठ कमी आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते.

डॉक्टर दोनदा येऊन गेला. एकदा घसरगाडीवरून आला बिचारा. छातीत पाणी भरलंय म्हणाला. म्हातारा खाली उबेत राहिला तर उन्हाळा बघेल, त्या कड्याखालच्या घरात राहिला तर मी काही सांगू शकत नाही, असं म्हणाला. मी बाबांसमोरच विचारलं, दारामागे कुजबुजणं मला जमत नाही. बाबांनी ऐकलं आणि डॉक्टरला विचारलं, "तुमच्या घसरगाडीला मेण कुठलं लावता?"

मी म्हटलं, मी वर झोपते, तुम्ही खाली जा. "आणि गाई?" खरंच, गाईंचं काय करणार? झेलीने एक रात्र गाई बघितल्या, तरी बाबा हलले नाहीत. मुक्काम त्यांच्या नावाने लिहिलाय म्हणे.

मेयर स्वतः वर आले. म्हणाले, "ऑग्यूस्त, कोणी काही बोलणार नाही, खाली चला, आम्ही डोळे मिटतो." बाबा म्हणाले, "नियम म्हणजे पायपुसणं आहे का?" कोर्नूही आला. पाठीवर कोरड्या लाकडाचा भारा होता. दारात ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "लिओंतीन, याला खाली ने गं. हा इथे मेला तर गाव मला जन्मभर खाईल." मी म्हटलं, "खाऊ दे, तू चवीला वाईट असशील." पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं असेल नाहीतर दुसरं कसलं.

म्हणजे आता एकच राहिलं. त्या घराचा खरा मालक त्या छपराखाली झोपला, तर म्हातारा गादी गुंडाळून खाली येईल. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत. मी सगळं करून पाहिलंय.

तुझ्या कागदात तू लिहिलंस की त्यांनी एकदा बोलावलं असतं तर तू आला असतास. आणि ते म्हणतात, ज्याला यायचंय तो येतो. आंसेल्म, मला खरंच समजून घ्यायचंय, टोमणा मारत नाहीये. एवढा एक शब्द. तो तोंडातून काढण्यापेक्षा माणसाला गोठलेल्या घरात जाऊन झोपणं सोपं वाटतं, हे कसं? आणि तुला तो ऐकायला मिळाला नाही म्हणून दहा वर्षं दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहणं सोपं वाटतं, हे कसं? मी तर रोज ओरडते, मला जड जात नाही. तुमचं दोघांचं काय होतं, घशात काही अडकतं का? आलास की सांग. नाही आलास तर मला हे कधी कळणार नाही, आणि मग मला एकट्यानेच ते घर बंद करावं लागेल.

गाडी फक्त खालच्या स्टेशनपर्यंत येते. बार्बो घोडा घेऊन येईल, मी त्याला सांगून ठेवलंय. कुठल्या दिवशी ते कळव, किंवा कळवू नकोस, पण ये. लवकर ये. लवकर म्हणजे काय ते तुला कळलं असेल.

हे मी तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. बाबा पलंगावर आहेत, उशांना टेकून. आडवं झालं की श्वास घेता येत नाही त्यांना. आत्ता विचारलं, "कोणाला लिहितेस?" मी म्हटलं, "ज्याचं टेबल आहे त्याला." तर म्हणाले, "मी काही सांगितलेलं नाही, असं लिही."

लिहिलं. त्यांनी काही सांगितलेलं नाही.

मी सही करायला घेतली तर म्हणाले, "इकडे आण." मला वाटलं वाचायला हवंय. कागद मांडीवर घेतला, दौत मी धरली, आणि त्यांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. एकेक अक्षर काढायला वेळ लागला. मी मध्ये बोलले नाही, यावरून ओळख.

तुझी बहीण,
लिओंतीन

ऑग्यूस्त ज्यांद्रो
मुक्काम आंसेल्मचं घर, रोशवेर